बोल्टची रायफल आणि तिचा भरवसा



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, शिक्षण, शेती किंवा राज्यघटना ह्यांवर चार शब्द ऐकावेत, अशी आपली अपेक्षा असते. आजचा विषय त्या मानाने आडवाटेचा आहे. मी शिकारीच्या रायफलीविषयी बोलणार आहे, आणि तेही तिने मारलेल्या वाघांविषयी नव्हे, तर तिच्या भरवशाविषयी. शिकारकथांत शिकारी असतो, मचाण असते, हाकारे असतात आणि शेवटी वाघ पडतो. परंतु ज्या क्षणी चाप ओढला जातो त्या क्षणी बार उडेलच, हे कथाकार गृहीत धरतो. ज्याच्या हातात बंदूक असते तो मात्र हे कधीही गृहीत धरीत नाही. बार फुसका गेला तर काय होते, हे त्याला ठाऊक असते.

ह्या एका साध्या प्रश्नाच्या पोटात विज्ञान आहे, राजकारण आहे आणि आपल्या कोकणपट्टीचा पाऊसही आहे. बंदूक वेळेला का उडते व का उडत नाही, हे शोधू लागले म्हणजे असे दिसते की भरवसा हा केवळ लोखंडाचा गुण नाही. तो रायफल करणाऱ्याचा असतो, काडतूस भरणाऱ्याचा असतो, ती सांभाळणाऱ्याचा असतो. आणि आपल्या देशात तर तो सरकारने कोणत्या परवान्यावर कोणाच्या हाती काय दिले, ह्यावरही अवलंबून राहिला. एवढेच मला आज दाखवायचे आहे.

प्रारंभ आपल्या घरापासूनच करू. पश्चिम रेल्वेवर पालघर सोडले की बोईसरच्या आधी उमरोळी लागते. एका बाजूला थोड्या अंतरावर समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर. सातपाटी, शिरगाव, तारापूर ही किनाऱ्यावरची गावे. आणि पालघरहून मनोरकडे निघाले की वाघोबाची खिंड. त्या खिंडीत वाघोबाचे ठाणे आहे. आपले वारली बांधव वाघोबाला देव मानतात, त्याची पूजा बांधतात. ज्या मुलखात वाघ नव्हता त्या मुलखात वाघोबाचे देऊळ उभे राहिले नसते. आज वाघ गेला, बिबट्या मात्र अजून आहे. जनावराचे भय आणि पिकाचे राखण ह्या दोन कारणांनी ह्या मुलखात बंदुकीची गरज भासत आली. चैनीची शिकार ही त्यानंतरची गोष्ट.

बंदुकीचा इतिहासही इथे दूरचा नाही. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. त्या काळची बंदूक तोड्याची. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, कानाशी रंजक घालायची आणि पेटत्या जामगीने ती शिलगवायची. अशा बंदुकीत अपयशाला किती दारे होती ते पाहा. जामगी विझली, रंजक ओली झाली, वाऱ्याने उडाली, कानात काजळी बसली. कधी रंजक भुर्रकन पेटे, पण आतली दारू पेटतच नसे. आणि पाऊस आला म्हणजे तर सारेच संपले.

उशिरा पेटणारी दारू ही न पेटणाऱ्या दारूहून घातक असते, हा धडाही त्याच मोहिमेत मिळाला. मे १७३९ मध्ये वसईच्या तटाखाली मराठ्यांनी सुरुंग लावले होते. काही उडाले, खिंडार पडले, लोक पुढे धावले; आणि मग मागे राहिलेले सुरुंग उडाले आणि आपलीच माणसे त्यात सापडली. वसई मिळाली, पण तिची किंमत अशीही मोजावी लागली. रायफलीच्या काडतुसातही हाच प्रकार सूक्ष्म रूपाने घडतो. चाप ओढला, बार झाला नाही, म्हणून उतावळ्याने लगेच बोल्ट उघडला, आणि काडतूस उशिराने पेटले, तर घात होतो. म्हणून जाणता शिकारी फुसक्या बारानंतर नळी सुरक्षित दिशेला धरून काही वेळ थांबतो.

तोड्याच्या बंदुकीनंतर गारगोटीची बंदूक आली. तिच्यानंतर टोपीची, जिला आपल्या कोकणात अजूनही ठासणीची बंदूक म्हणतात. तांब्याच्या चिमुकल्या टोपीत स्फोटक मसाला असे. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी आत जाई. ह्यामुळे जामगी गेली, वाऱ्यापावसाचे भय बरेच कमी झाले. पण दारू-गोळी नळीच्या तोंडातूनच ठासावी लागे. एक बार काढून दुसरा भरीपर्यंत जखमी रानडुक्कर माणसाच्या अंगावर आलेले असे. कागदी काडतूस त्याच्याही आधीपासून होते. १८५७ साली एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसाने काय अनर्थ झाला, हे शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. ते काडतूस तांत्रिकदृष्ट्या चांगले होते. पण ज्या शिपायाने ते दातांनी तोडायचे, त्याचाच त्याच्यावर विश्वास उरला नव्हता. भरवसा हा केवळ यंत्राचा प्रश्न नसतो, ह्याचा इतका मोठा पुरावा दुसरा कोणता हवा?

आता बोल्टकडे वळू. आपल्या घराच्या दाराला कडी असते. आडवी सरकवायची आणि तिचा दांडा खाली पाडायचा. मग दार बाहेरून कितीही ढकलले तरी उघडत नाही. नेमकी हीच युक्ती जर्मनीत ड्रायझे नावाच्या कारागिराने बंदुकीच्या मागच्या तोंडाला लावली. प्रशियाच्या सैन्याने ती १८४१ साली स्वीकारली. १८६६ साली कोनिग्ग्रेट्झच्या लढाईत ऑस्ट्रियाचे शिपाई उभे राहून नळीच्या तोंडातून ठासत होते, आणि प्रशियाचे शिपाई जमिनीवर पडल्या पडल्या मागून भरून बार काढीत होते. ऑस्ट्रियाचा पराभव झाला. पराभवाला इतरही कारणे होती. परंतु ठासणीची बंदूक आता कालबाह्य झाली, हे साऱ्या युरोपला त्या दिवशी कळले.

पितळी काडतूस आले आणि ह्या कडीला खरा अर्थ आला. टोपी, दारू आणि गोळी ही तिन्ही एका पितळी नळीत बंद झाली. बोल्टची मूठ उचलली की कुलूप सुटते. मागे ओढली की रिकामी पितळी नळी बाहेर फेकली जाते. पुढे ढकलली की मॅगझिनमधले नवे काडतूस जागेवर बसते. मूठ खाली पाडली की कुलूप लागते. चार हालचाली, आणि चारही माणसाच्या हाताच्या. इथेच ह्या रायफलीच्या भरवशाचे मूळ आहे. स्वयंचलित बंदूक आपले पुढचे काम मागच्या बाराच्या जोरावर करते. बार फुसका गेला की ती तिथेच थांबते. बोल्टची रायफल बारावर अवलंबून राहत नाही. काडतूस उडाले नाही, तर ते हाताने काढायचे आणि दुसरे घालायचे. शिवाय मूठ उचलताना तरफेचा जोर मिळतो, त्यामुळे नळीत घट्ट बसलेले रिकामे काडतूसही निघून येते.

ह्या जातीत दोन घराणी मोठी झाली. एक जर्मनीतील ओबर्नडॉर्फच्या माउझर बंधूंचे. दुसरे जेम्स पॅरिस ली ह्या स्कॉटलंडात जन्मलेल्या आणि अमेरिकेत नाव काढलेल्या कारागिराचे. माउझरची १८९८ ची रचना पुढे शिकारी रायफलींचा आदर्श ठरली. तिच्या बोल्टला पुढच्या टोकाशी दोन भक्कम दाते असतात आणि ते फुटले तर आधार म्हणून मागे तिसरा. काडतूस मॅगझिनमधून वर येता येताच एक लांब पोलादी आकडा त्याच्या बुडाला धरतो, तो ते बाहेर फेकीपर्यंत सोडीत नाही. म्हणून रायफल वाकडी असो, उलटी असो, शिकारी घाबरलेला असो, एकामागे एक दोन काडतुसे घुसून अडकण्याचा संभव फार कमी. काडतूस फुटून वायू मागे आलाच तर त्याला बाहेर जायला वाटाही ठेवलेल्या असत. इतक्या सावध माणसालाही नशिबाने सोडले नाही. १९०१ साली स्वयंचलित बंदुकीची चाचणी घेताना अपघात होऊन पाउल माउझरने एक डोळा गमावला.

लीची रचना निराळी. तिचे दाते बोल्टच्या मागच्या बाजूला. त्यामुळे मूठ थोडीच फिरवावी लागते आणि हात झपाट्याने चालतो. मॅगझिनमध्ये १० काडतुसे मावतात. चिखल, धूळ, वाळू हिला फारशी अडवीत नाहीत. १८८८ साली ली-मेटफर्ड आणि १८९५ साली ली-एन्फील्ड ह्या नावाने ती ब्रिटिश फौजेत आली, आणि तिच्या नळीच्या मापावरून आपल्याकडे 'थ्री-नॉट-थ्री' म्हणून घरोघर माहीत झाली. एका इंचाचे हजार भाग केले तर त्यांतले ३०३ भाग, एवढे ते माप. अचूकपणात माउझर वरचढ, झपाट्यात ली वरचढ, असे रायफलींच्या जाणकारांचे साधारण मत पडले. भरवशात मात्र दोघींनाही नावे ठेवणारे थोडेच निघाले.

मग तक्रारी होत्या कशाच्या? ह्या ठिकाणी आपल्या देशाचा कायदा मध्ये येतो.

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत हत्यारांचा कायदा झाला. हिंदी माणसाला हत्यार बाळगायला परवाना हवा. युरोपियनाला मात्र त्यातून सूट. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून ह्या भेदभावाविरुद्ध ठराव होत राहिले. पण कायद्याची दुसरी बाजू फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. बंडखोरांच्या हाती फौजेच्या चोरलेल्या रायफली पडल्या, तरी त्यांना बाजारात काडतूस मिळू नये, म्हणून फौजेच्या मापाची काडतुसे खासगी माणसाला बंद करण्यात आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ४५० मापावर बंदी आली. तेव्हा लंडनच्या बंदूकवाल्यांनी हिंदुस्थानसाठी ४६५, ४७० अशी नवी मापे काढली. थ्री-नॉट-थ्रीचीही तीच गत. रायफल तीच ठेवायची, बोल्ट तोच ठेवायचा, पण नळी वेगळ्या मापाची बसवायची; अशा युक्तीने '३१५' ही रायफल जन्मली. तिचे काडतूस ऑस्ट्रियाच्या मानलिखर ह्या लष्करी रायफलीच्या काडतुसावरून घेतलेले. गोळी जड, वेग मंद.

हीच ३१५ पुढे हिंदी शेतकऱ्याची, जमीनदाराची आणि पीकरक्षकाची रायफल झाली. सुरुवातीला ती बर्मिंगहॅमहून येई. पुढे बंगालमधील इच्छापूरच्या सरकारी रायफल कारखान्यातून ती निघू लागली. तिच्या काडतुसाचा एक धागा तर थेट आपल्या महाराष्ट्रात येतो. १८६९ साली पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. ३१५ च्या काडतुसांच्या बुडावर 'के. एफ.' अशी इंग्रजी अक्षरे उमटवलेली आढळतात. ती 'किरकी फॅक्टरी'ची, म्हणजे आपल्या खडकीची. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा हत्यार कायदा आला, परंतु निषिद्ध माप आणि अनिषिद्ध माप हा भेद कायम राहिला. ३०३ निषिद्ध, ३१५ अनिषिद्ध. सैन्यात नावाजलेल्या रायफलीचा सांगाडा नागरिकाला मिळाला. सैन्यातले काडतूस मिळाले नाही.

ह्याचा अर्थ नीट समजून घ्या. रायफलीचे जे नाव झाले ते तिच्या मूळ काडतुसाबरोबर झाले होते. काडतूस बदलले की अर्धी परीक्षा पुन्हा द्यावी लागते. काडतुसांचा पुरवठा मोजका, परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकाच. पेटीत वर्षानुवर्षे पडलेले काडतूस, ज्याने सरावासाठी चार बार काढण्याचेही टाळले असा मालक, आणि मग एके रात्री पिकात घुसलेला डुकरांचा कळप. अशा वेळी बार फुसका गेला तर दोष रायफलीच्या माथी बसतो. तो बहुधा काडतुसाचा असतो.

ह्याला बाहेरच्या जगातली साक्ष आहे. आफ्रिकेत हत्तींच्या शिकारीसाठी गाजलेला डब्ल्यू. डी. एम. बेल ह्या स्कॉटिश शिकाऱ्याने हजारावर हत्ती मारले, त्यांतले बहुसंख्य २७५ मापाच्या हलक्या माउझर जातीच्या रायफलीने. ह्याहून मोठ्या ३१८ मापाची रायफलही त्याने वापरून पाहिली. पण तिच्या काडतुसांनी दगा दिला, म्हणून तो पुन्हा २७५ कडे आणि तिच्या जर्मन काडतुसांकडे वळला. मोठी गोळी की लहान गोळी, हा त्याच्या दृष्टीने दुय्यम प्रश्न होता. दरवेळी उडणारी गोळी, हा पहिला. एवढे हत्ती मारले ह्याचा आज कोणाला अभिमान वाटणार नाही. पण त्याच्या अनुभवाचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

आपल्याकडे जिम कॉर्बेटचे नाव सर्वांना माहीत आहे. १९०७ साली कुमाऊंत चंपावतच्या नरभक्षक वाघिणीवर तो गेला तेव्हा त्याच्या हाती दुनळी रायफल होती आणि काडतुसे अवघी तीन. तिन्ही संपली, वाघीण जखमी होऊन समोर उभी. त्याने धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक घेतली. नळ्या आणि मागचा ठोकळा ह्यांच्यात बोटभर फट पडलेली, अशी ती जुनाट बंदूक. तिचा नेमही चुकला. गोळी तोंडाऐवजी पंजाला लागली. वाघीण आधीच्या जखमांनी मेली. ह्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट ह्यांनी कॉर्बेटला लंडनच्या रिग्बी कंपनीची २७५ मापाची रायफल भेट दिली. तीही बोल्टची, माउझरच्या रचनेवर केलेली. पुढील शिकारींत ती त्याच्या विश्वासाची सोबतीण झाली. ज्याने फट पडलेल्या बंदुकीने नरभक्षकाचा सामना केला, त्याला चांगल्या कुलपाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, की मग दुनळी रायफल वाईट काय? वाईट मुळीच नव्हे. तिला दोन नळ्या, दोन चाप, दोन घोडे. एक फसला तर दुसरा हातचा. हत्ती-गव्यासारख्या जनावरापुढे अनेक जुने शिकारी तिलाच पसंत करीत. पण तिची किंमत राजेरजवाड्यांना परवडणारी. आणि उष्ण देशात तिची एक पंचाईत होती. १८८९ साली निघालेली कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू उन्हाच्या तापाने अधिक जोर धरी. त्या दाबाने रिकामे काडतूस नळीत फुगून बसे, आणि दुनळीला ते ओढून काढायला तरफेचा जोर नसे. म्हणून उष्ण कटिबंधासाठी मुद्दाम कमी दारूची काडतुसे करावी लागली. अशा अडचणीत बोल्ट आपल्या मुठीच्या जोरावर पुष्कळदा निभावून नेई.

आता हवापाण्याकडे येऊ, कारण हा भाग उमरोळीच्या माणसाला अधिक कळेल. जुन्या काडतुसांच्या टोपीतील मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. ते पेटले की मागे मिठासारखा क्षार राहतो आणि तो नळीत सर्वत्र बसतो. मीठ पावसाळ्यात काय करते, हे सातपाटीच्या कोळणीला विचारा. ते हवेतले पाणी ओढून घेते. नळीतला क्षार हेच करतो, आणि एका रात्रीत नळीला तांबेरा धरतो. पुष्कळ मालक बार काढल्यावर नळीत नुसते तेल फिरवीत आणि आपण कर्तव्य केले असे समजत. परंतु मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. ब्रिटिश शिपायाला शिकवीत ते असे : आधी उकळते पाणी नळीतून ओतायचे, मग ती कोरडी पुसायची, आणि मग तेल. शिपाई हे हुकमाने करी. घरी रायफल बाळगणाऱ्याला हुकूम करणारा कोणी नव्हता. म्हणून एकाच कारखान्यातील दोन रायफली, एक २० वर्षांनी चकचकीत आणि दुसरी ५ वर्षांत भंगार, असे घडू शके. दोघांचेही मालक आपापला अनुभव खराच सांगतात. पण ते सांगत असतात स्वतःविषयी, रायफलीविषयी नव्हे.

दुसरा दोष लाकडाचा. रायफलीचा दस्ता लाकडी. आपल्या पावसाळ्यात तो फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो. नळीवर त्याचा दाब बदलला की नेम सरकतो. वैशाखात जिने नारळ टिपला ती श्रावणात हातभर बाजूला मारते, आणि मालक म्हणतो, रायफल बिघडली. तिसरा दोष तेलाचाच. जास्त तेल घातले की ते बोल्टच्या आत, सुईच्या भोवती घट्ट होते. सुई जोराने आदळत नाही आणि टोपी पेटत नाही. चौथा, काठाच्या काडतुसांचा. ३०३ आणि ३१५ ह्या दोन्हींच्या बुडाला बाहेर आलेला काठ असतो. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या काठामागे गेला, की बोल्ट पुढे जाता जाता अडतो. रायफल तीच, भरणारा हात मात्र दक्ष हवा.

पाचवा दोष सर्वांत मानवी आहे. समोर जनावर चवताळून उभे असताना घाईत माणूस बोल्ट पुरता मागे ओढत नाही. रिकामे काडतूस बाहेर पडते, पण नवे वर येत नाही. बोल्ट रिकाम्या नळीवर बंद होतो. मग चाप ओढला की नुसता 'टक्' आवाज. शिकाऱ्याच्या आयुष्यात ह्या आवाजाइतका भयंकर आवाज नाही. इथे यंत्राने आपले काम चोख केलेले असते. ह्यावर एकच उपाय, सराव. आणि मोजक्या काडतुसांत तो करायचा कसा, ही पुन्हा परवान्याची गोष्ट झाली.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. बोल्ट ज्या रायफलीला जुळवून बसवलेला असतो तिलाच तो शोभतो. म्हणून बोल्टवर आणि रायफलीवर एकच क्रमांक कोरण्याची प्रथा पडली. निवडणुका आल्या की परवानाधारकांकडून बंदुका पोलीस ठाण्यात जमा करवून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. तिथून परत आणताना हा क्रमांक जुळवून पाहावा, नळीतून उजेडाकडे पाहावे, मग सही करावी. ह्यात कोणावर अविश्वास नाही. भरवसा ठेवणे आणि पारख करणे ह्या परस्परविरुद्ध गोष्टी नव्हेत. पारख केली म्हणूनच भरवसा ठेवता येतो.

आतापर्यंत मी रायफलीच्या धन्याच्या बाजूने बोललो. परंतु बंदुकीला दुसरे टोकही असते. १४ ऑगस्ट १९४२ रोजी 'चले जाव'च्या आंदोलनात पालघरच्या कचेरीवर लोकांचा मोर्चा गेला. त्यात ह्या परिसरातल्या गावोगावची माणसे होती. पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच तरुण हुतात्मा झाले. पालघरच्या हुतात्मा स्तंभापाशी त्यांचे स्मरण दरवर्षी केले जाते. त्या दिवशी गोळी चुकली नाही. ज्या राज्याने १८७८ पासून आपल्या हातातले हत्यार काढून घेतले, त्याने स्वतःच्या हातातले हत्यार नीट राखले होते. बंदुकीच्या भरवशाचा इतिहास लिहिताना हा प्रसंग गाळून चालणार नाही. यंत्र विश्वासू आहे, एवढ्याने भागत नाही. ज्याच्या हाती ते आहे, तो विश्वासू आहे काय, हा प्रश्न शेवटी उरतोच. आणि त्या मोर्चाकडे हत्यार नव्हते. तरी पाच वर्षांत राज्य गेले ते बंदूकवाल्याचे.

स्वातंत्र्यानंतर शिकारीचे युग हळूहळू मावळले. १९५१ साली मुंबई राज्याने वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला. १९७० साली वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दार जवळजवळ बंदच झाले. ज्या जंगलांत पूर्वी मचाणे बांधली जात, त्यांतल्या मेळघाटात १९७३ पासून व्याघ्रप्रकल्प उभा राहिला. हे योग्यच झाले. बोल्टच्या रायफलीने आपले काम इतके चोख केले की वाघच संपत आला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ठासणीच्या बंदुकीपुढे जनावराला निसटण्याची संधी होती; दूरवर अचूक मारणाऱ्या रायफलीपुढे ती फारशी उरली नाही. यंत्राचा भरवसा जितका वाढला तितका माणसाच्या संयमावरचा भार वाढला, आणि तो संयम माणसाने स्वतःहून दाखवला नाही. कायद्याला तो लादावा लागला.

पोलिसांच्या हातातली थ्री-नॉट-थ्री मात्र पुढेही बरीच वर्षे टिकली. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनाच्या संचलनानंतर. म्हणजे १८९५ च्या घराण्यातली ही रायफल सव्वाशे वर्षे कामावर होती. माणसाने केलेली किती यंत्रे इतकी टिकली? इच्छापूर आणि खडकी हे दोन्ही कारखाने १ ऑक्टोबर २०२१ पासून सरकारी कंपन्यांच्या रूपाने चालू आहेत. ३१५ रायफल अजूनही परवान्यावर मिळते. कोठे पीकसंरक्षणासाठी, कोठे स्वसंरक्षणासाठी, तर कोठे आजोबांची आठवण म्हणून ती कपाटात उभी असते. रानडुक्कर पिकाची धूळधाण करते, तेव्हाही आता वनखात्याच्या परवानगीवाचून चाप ओढता येत नाही.

ज्यांच्या घरी असे हत्यार वडिलोपार्जित आले असेल, त्यांना माझे दोन शब्द. ते ऐटीने भिंतीवर टांगू नका आणि अडगळीत फेकूही नका. परवाना वेळेवर नवा करा; जुन्या काडतुसांवर विसंबू नका; वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, जाणत्या कारागिराला दाखवा. आणि ते हत्यार नको असेल तर कायद्याने सांगितलेल्या वाटेने ते देऊन टाका. सांभाळल्यावाचून घरात ठेवलेली बंदूक शत्रूपेक्षा घरच्यांनाच अधिक धोक्याची.

सारांश एवढाच. 'ही रायफल भरवशाची आहे काय?' असे कोणी विचारले, तर त्याला उलट चार प्रश्न विचारावेत. केली कोणी? काडतूस कोणाचे, किती जुने? सांभाळली कोणी? आणि हाती कोणाच्या आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर माउझर आणि ली ह्यांनी शंभर वर्षांपूर्वीच उत्तम दिले आहे. उरलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे लोखंडात सापडत नाहीत, ती माणसांत शोधावी लागतात. हा नियम बंदुकीपुरता नाही. गावची नळपाणी योजना असो, सहकारी सोसायटी असो की लोकशाहीची मतपेटी असो, चांगली रचना हाती आली म्हणजे काम संपले असे आपण समजतो, आणि मग गंज चढला की रचनेला दोष देतो. नळी पुसण्याचे काम दर पावसाळ्यानंतर आपल्यालाच करावे लागते.